बंद वाड्यात कलादालन उघडल्याने दुष्काळी पट्ट्यातील गावाला उभारी येईल का?

माळवद

सर्वांना नमस्कार. गेली २६ वर्षे मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातील एका गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत आहे. आमचे गाव तालुक्याचे ठिकाण नाही आणि अगदी वाडी-वस्तीही नाही. दर सोमवारी बाजार भरतो, एसटी थांबते, बँकेची शाखा आहे. तरीही गाव दरवर्षी थोडे थोडे रिकामे होत आहे आणि ते मला शाळेच्या हजेरीपटावर सर्वांत आधी दिसते. पाचवीच्या दोन तुकड्यांची एक तुकडी झाली, तिलाही आता पट पुरत नाही.

हा भाग ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाच्या भरवशावर पोट भरेना म्हणून इथल्या दोन-तीन पिढ्या गलाईच्या धंद्यात गेल्या. सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी आमच्याकडची माणसे केरळपासून बंगालपर्यंतच्या सराफ बाजारांत भेटतात. त्यांनी गावाकडे पैसा पाठवला, वाडे दुरुस्त केले, देवळांचे जीर्णोद्धार केले. स्वतः मात्र परतली नाहीत. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेले तर दिंडी दरवाजाला कुलूप असलेले सात वाडे लागतात. यात्रेच्या आठवड्यात ते उघडतात आणि पालखी परत गेली की पुन्हा बंद होतात.

त्यांतला एक माझ्या चुलतभावांचा आहे. दगडी बांधकाम, मध्ये चौक, तीन बाजूंना सोपा म्हणजे ओसरी आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. डागडुजी तुम्ही करत असाल तर १० वर्षे बिनभाड्याने वापरा, असे त्यांनी कळवले आहे. तिथे कलादालन सुरू करावे असे मनात आहे. दाखवण्यासाठी माझ्याकडे एका लोखंडी पेटीत विद्यार्थ्यांची चारशेहून अधिक चित्रे आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावातली, काही नुसती वहीच्या मागच्या पानांवरची. २००३ च्या दुष्काळात सातवीतल्या एका मुलीने टँकरचे चित्र काढले होते. टँकर तिने कोपऱ्यात ढकलला आहे आणि उरलेला सगळा कागद रांगेतल्या कळशांनी भरला आहे. प्रत्येक कळशीवर मालकिणीच्या नावाचे पहिले अक्षर आहे आणि त्या अक्षरांवरून आमच्या आळीतली घरे मी आजही ओळखू शकतो. त्यांतली निम्मी घरे आता उठून गेली आहेत.

ग्रामपंचायतीत विषय मांडला तेव्हा एका सदस्याने सरळ विचारले, "पाहायला येणार कोण, गुरुजी?" मला उत्तर देता आले नाही. अशा ठिकाणी कलादालन चालते का आणि त्यामुळे गावात चार पैसे फिरू लागतात का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पाणलोट

गुरुजी, आपल्या तळमळीविषयी शंका नाही, तरीही जे वाटते ते स्पष्ट लिहितो. मी याच पट्ट्यात पाणलोटाची कामे केली आहेत. टेंभू योजनेचे पाणी ज्या शिवारात पोहोचले तिथे पुण्या-मुंबईहून मुले परत आलेली मी स्वतः पाहिली. पाण्याची खात्री, धड रस्ता आणि दवाखान्यात डॉक्टर, या तीन गोष्टींवर गाव टिकते. कलादालन पाहायला येणारा माणूस तासभर थांबतो, चहा घेतो आणि निघून जातो. तेवढ्यावर किराणा दुकानही चालत नाही.

माझी खरी काळजी पुढची आहे. उद्घाटनाला सगळे येतील, फिती कापतील. तिसऱ्या वर्षी वीजबिल कोण भरणार, रोज सकाळी झाडलोट कोण करणार आणि आपण निवृत्त झाल्यावर किल्ली कोणाकडे राहणार? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर आज बंद असलेला वाडा उद्या फलकासह बंद दिसेल, आणि ते गावाच्या मनाला अधिक लागेल.

औंधची वाट

या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापासून फार लांब नाही. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी चित्रसंग्रहालय लागते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे दगडी शिल्प माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या एका खेड्यात आहे, हे सांगितले तर परगावच्या माणसाला पटत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या शिल्पासमोर नवस फेडायला आलेल्या दोन बायका उभ्या होत्या. एकीने दगडातल्या आईच्या खांद्याकडे बोट दाखवून दुसरीला सांगितले, "बघ, पोराला धरून धरून हात असाच अवघडतो." अनेक जाणत्यांनी त्या शिल्पावर लिहिले असेल, पण ते मला त्या बाईने दाखवले.

औंध संस्थान फक्त ७२ गावांचे होते. पण त्या काळी औंधला चित्रे एकटी नव्हती. शाळा होती, विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते, सूर्यनमस्कारांचा आग्रह होता. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांचा स्वाध्याय मंडळाचा छापखाना होता आणि सातवळेकर स्वतः शिकलेले चित्रकार होते. १९३९ साली तर संस्थानाने गावपंचायतींच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली. चित्रसंग्रहालय हे त्या सगळ्या जगण्याचा एक भाग होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, कचेऱ्या गेल्या, सातवळेकरांनी आपले काम गुजरातेत पारडीला हलवले. संग्रह शासनाकडे राहिला आणि तो आजही पाहता येतो. गाव मात्र राजधानीचे पुन्हा खेडे झाले.

मला यातून एवढे दिसते की भिंतीवर रविवर्मा असला तरी तो एकटा गाव जगवत नाही. आजही औंधला गर्दी असते ती यमाईच्या यात्रेला आणि शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत उत्सवाला. उत्सवात लोक रात्रभर बसतात, म्हणजे मुक्काम करतात, जेवतात, ओळखी काढतात. पाणलोट यांनी मांडलेला तासाभराचा हिशेब खरा आहे आणि म्हणूनच पाहुणा एक रात्र कशासाठी राहील, याचा विचार कलादालनाच्या आधी व्हायला हवा.

सेतो

मी गेली अकरा वर्षे जपानमध्ये ओसाकाजवळ राहतो. इथे नाओशिमा या बेटाचे उदाहरण कलेमुळे तरलेले गाव म्हणून सतत दिले जाते. तिथे मी चार वेळा गेलो आहे, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू लिहितो.

बेटाच्या उत्तरेला १९१७ पासून धातू वितळवण्याचा कारखाना आहे, आणि त्याच्या धुराने डोंगर उघडे पडले होते. तरुण शहरांत गेले. १९९२ मध्ये बेनेसे या प्रकाशन-शिक्षण व्यवसायातल्या कंपनीने तादाओ आन्दो या वास्तुशिल्पीकडून संग्रहालय आणि राहण्याची सोय एकाच इमारतीत करून घेतली. २००४ मध्ये जमिनीत पुरलेले चिचू संग्रहालय झाले. हे सगळे भव्य आहे, पण तुमच्या उपयोगाचे नाही, कारण त्यामागचा पैसा तुमच्याकडे नाही.

उपयोगाचे आहे ते १९९८ साली होनमुरा या जुन्या वस्तीत झालेले काम. पडून असलेले एक जुने घर दुरुस्त करून तात्सुओ मियाजिमा या कलाकाराने आतल्या अंधाऱ्या खोलीत पाणी भरले आणि त्यात १२५ आकडेदर्शक दिवे ठेवले. प्रत्येक दिव्यातला आकडा कोणत्या गतीने बदलावा हे बेटावरच्या एकेका माणसाने ठरवले. सर्वांत लहान माणूस ५ वर्षांचा होता आणि सर्वांत मोठा ९५ वर्षांचा. पाण्याकाठी बसले की कोणाचा आकडा धावत असतो, कोणाचा इतका हळू चालतो की बंद पडला असे वाटावे. त्या घरात कलाकाराचे नाव आहे, तितकाच गावही आहे. गुरुजी, तुमच्या कळशांचे चित्र वाचताना मला ती खोली आठवली.

आणखी एक ठिकाण तुम्हा शिक्षकांना जवळचे वाटेल. निगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी या बर्फाळ, ओस पडत चाललेल्या डोंगरी भागात २००० सालापासून दर तीन वर्षांनी कलामहोत्सव भरतो. तिथे हाची नावाच्या गावातली प्राथमिक शाळा पटाअभावी बंद पडली. सेइझो ताशिमा या चित्रकाराने २००९ मध्ये त्या आख्ख्या शाळेचेच चित्रांचे पुस्तक केले आणि शाळेत शेवटी उरलेली तीन मुले त्या गोष्टीतली पात्रे झाली. ओंडके आणि वाहत आलेली लाकडे रंगवून केलेल्या त्या आकृती वर्गावर्गांतून धावतात. शाळा परत सुरू झालेली नाही, पण बंद पडलेली शाळा पाहायला लोक बसने येतात आणि गावातल्या बायका तिथे जेवण रांधून वाढतात.

याच भागातल्या तोकामाची इथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत १९८२ पासून मिथिला संग्रहालय आहे. जपानच्या बर्फात मधुबनी आणि आपली वारली चित्रे पाहून माझा ऊर भरून आला होता. भारतातून कलाकारांना बोलावून, मुक्कामी ठेवून तिथे चित्रे काढून घेतली गेली. पण त्याच मुक्कामात २००१ साली मध्य प्रदेशचे थोर गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी आपले जीवन संपवले. घरापासून दूर, परक्या भाषेत, एकटे. गावोगावी 'निवासी कलाकार' योजना आखताना ही गोष्ट कोणीही विसरू नये. कलाकाराला किती मोबदला, किती दिवस, परतीचे तिकीट कोणाच्या हाती, हे सर्व त्याच्या भाषेत लिहून त्याला दिलेच पाहिजे.

शेवटी आकड्यांबद्दल. इतके सगळे होऊनही नाओशिमाची लोकसंख्या ३,००० च्या आसपासच आहे आणि ती वाढलेली नाही. मात्र जुन्या घरांत चहाची दुकाने आणि मुक्कामाच्या खोल्या निघाल्या, बाहेरची काही तरुण जोडपी येऊन राहिली आणि म्हाताऱ्या माणसांना रोज कोणीतरी वाट विचारते. त्यांतले एक आजोबा मला पत्ता सांगता सांगता शेवटपर्यंत सोबत आले होते.

कुडाळकर

सेतो यांनी लांबचे सांगितले, मी जवळचे सांगतो. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात ठाकर समाजाच्या कलांचे संग्रहालय उभे केले. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, असा तो ठेवा आहे. तिथे गेलेल्या माणसाला घरचीच मंडळी चित्र समोर धरून कथा गाऊन दाखवतात. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो गोठा उघडा होता. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, संपत आली होती, तेव्हा राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी गावातल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. आजही तिथे गेलात तर दरबारात बसून गोल पानांवर बारीक कुंचल्याने दशावतार रंगवणारे हात दिसतात.

दोन्हीकडे पाहुणा थांबतो तो काम चालू असलेले दिसते म्हणून. तुमच्या भागात घोंगडी विणणारे सनगर आहेत. त्यांचा माग सोप्यात बसवा.

भिलारचे उदाहरणही लक्षात घ्यावे. ४ मे २०१७ रोजी शासनाने त्या स्ट्रॉबेरीच्या गावाला पुस्तकांचे गाव केले, तेव्हा एक मोठी इमारत न बांधता २५ ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तके ठेवली. पाहुणा घरोघर फिरतो, त्यामुळे गाव दिसते. भिलारला पाचगणी-महाबळेश्वरची वर्दळ शेजारी आहे, ती तुम्हाला नाही, हा फरक मान्य करूनच हे लिहितो.

कागदकाम

मी कागद आणि चित्रांच्या जतनाचे काम करतो. पेटीतल्या चारशे चित्रांविषयी वाचून काळजी वाटली, म्हणून तातडीने लिहीत आहे. लोखंडी पेटी आजच उघडा. चित्रांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घातले असतील तर ते काढा, कारण त्यांतले आम्ल चित्राच्या कागदात उतरते. चित्रे कोवळ्या उन्हात ठेवण्याचा मोह टाळा. तुमच्या कोरड्या हवेत बुरशीची भीती कोकणाइतकी नाही. तुमचे शत्रू धूळ, वाळवी आणि कसर हे आहेत. मूळ चित्रे स्कॅन करून ठेवा. जलरंगाच्या चित्रावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. सोप्यात चौकातून येणारा दुपारचा उजेड याच्या कितीतरी पट असतो. म्हणून चौकाकडच्या भिंतीवर छापील प्रती लावाव्यात आणि मूळ चित्रे आतल्या खोलीत, तीन महिन्यांनी बदलत, दाखवावीत. फ्रेम भिंतीला चिकटून टांगू नका. मागे लाकडाचे छोटे ठोकळे लावले की हवा खेळते आणि वाळवी चढलेली लगेच दिसते.

पण सर्वांत आधी माळवद. पांढऱ्या मातीचा थर पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नीट करावा लागतो, हे आपल्या नावावरूनच आपल्याला ठाऊक असणार. त्यावर सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला गवंडी देतील. तो मानू नये. गेल्या वर्षी मी ज्या एका वाड्यात काम केले तिथे नेमके तेच झाले होते. वरचे पाणी थांबले, पण ओल आतल्या आत कोंडून दोन वर्षांत तुळया कुजल्या.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. भावांनी तोंडी दिलेला शब्द पुरेसा नाही. मिळकत पत्रिकेवर जितकी नावे आहेत तितक्यांच्या सह्यांनिशी नोंदणीकृत करार करा आणि कलादालन व्यक्तीच्या नावावर न ठेवता धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंदवा. तुमच्यानंतर किल्ली कोणाकडे, या पाणलोट यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे.

गलाईवाला

मी त्याच भागातला, सध्या कोचीत. वडिलांबरोबर नवव्या वर्षी आलो, आता पन्नाशी उलटली. धाग्यावर सगळे बाहेरच्या पाहुण्यांविषयी बोलत आहेत, म्हणून लिहावेसे वाटले. पाहायला येणार कोण, असे सदस्यांनी विचारले. आम्ही येणार. यात्रेला गावोगावी आमच्या गाड्या लागतात. माझी मुले मराठी बोलतात, पण गावात दोन दिवस झाले की त्यांना कंटाळा येतो, कारण आपला वाडा, देऊळ आणि नातेवाइकांची घरे यांपलीकडे मी त्यांना काही दाखवू शकत नाही. आजोबा कोणत्या साली, कोणाच्या सोबत, किती पैसे घेऊन निघाले हे मला नीट माहीत नाही. आमच्याकडे त्यांची सोने वितळवण्याची मूस आणि फुंकणी अजून आहे. ती काजळी धरलेली मूस मी द्यायला तयार आहे. पैसेही देईन, पण संगमरवरी पाटीवर नाव नको. त्या ऐवजी गावातून कोण कधी कुठे गेले याचा एक मोठा नकाशा भिंतीवर करा आणि त्यावर आमच्या आजोबांच्या नावापासून कोचीपर्यंत एक रेघ ओढा.

पाणलोट

कोचीच्या बंधूंचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, कारण पाणी आणि दवाखाना यांचा क्रम मला आजही पहिला वाटतो. पण यात्रेला येणारी माणसे हाच पहिला प्रेक्षक, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ती माणसे आठवडाभर मुक्कामाला असतातच; त्यांच्यासाठी राहण्याची नवी सोय करावी लागत नाही.

तरीही हिशेबाचा आग्रह धरतो. देखभाल करणाऱ्या एका व्यक्तीचे मानधन, वीज, माळवदाची वार्षिक डागडुजी आणि चित्रांच्या फ्रेमा, या चार बाबींचा १२ महिन्यांचा खर्च आधी लिहून काढा आणि दोन वर्षांचे पैसे बँकेत जमा झाल्याखेरीज दार उघडू नका. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला दिंडी दरवाजावर लावा. घोंगडी किंवा चित्र विकले गेले तर कारागिराचा वाटा त्याच दिवशी रोख द्या. गावातल्या चांगल्या कामांवरचा विश्वास बहुतेक वेळा थकलेल्या पैशांमुळे उडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. किल्लीसाठी गावातली एखादी पदवीधर सून शोधा. लग्न होऊन आलेल्या, शिकलेल्या आणि दिवसभर घरी बसून असलेल्या मुली प्रत्येक गावात आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

माळवद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये बरेच काही झाले.

पेटी उघडली. वर्तमानपत्रे होतीच. ३१ चित्रांना कसर लागली आहे, कळशांचे चित्र वाचले आहे. नववी-दहावीची मुले रोज शाळा सुटल्यावर चित्रांच्या नोंदी करत आहेत. नोंद करताना एकाला स्वतःच्या आईचे १९९९ सालचे चित्र सापडले. त्याने ते घरी नेऊन दाखवू का, असे विचारले. मी त्याला म्हटले, आईलाच इकडे घेऊन ये. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि तिच्याबरोबर शेजारच्या चौघी.

मिळकत पत्रिकेवर ११ नावे निघाली. आठ जणांची संमती फोनवर मिळाली आहे, उरलेले तिघे यात्रेला येणार आहेत, तेव्हा सह्या होतील. सगळा वाडा एकदम उघडण्याचा विचार सोडला. या वर्षी फक्त उजव्या बाजूचा सोपा आणि त्यामागची खोली एवढेच घेत आहोत, कारण तेवढ्याच माळवदाची पांढरी माती या पावसाळ्यापूर्वी पुरी होईल. गावातल्या सत्तरी उलटलेल्या शेवटच्या विणकरांना भेटलो. माग हलवायला ते तयार नाहीत. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला आहे आणि तो खड्डा त्यांच्या वडिलांनी खणलेला आहे. पण वाड्यापासून त्यांचे घर चाळीस पावलांवर आहे. सोमवारी सकाळी ते ताण्याला चिंचोक्यांची खळ लावतात, तेव्हा ज्यांना पाहायचे असेल त्यांना घेऊन या, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे कलादालन सोमवारी, बाजाराच्या दिवशी, उघडे ठेवायचे ठरले.

ज्या सदस्यांनी प्रश्न विचारला होता त्यांच्याकडेही गेलो. त्यांचे थोरले बंधू चाळीस वर्षे कोलकात्यात आहेत. भिंतीवरच्या नकाशाचे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आत गेले आणि बंधूंचे पहिले पोस्टकार्ड घेऊन आले. त्यावर पत्ता आमच्या गावाचा आहे आणि मजकूर एका ओळीचा, 'सुखरूप पोचलो, बाजार मोठा आहे.' कागदकाम यांना विचारायचे आहे की पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू दिसतील अशी फ्रेम कशी करावी, कारण पत्त्याची बाजूही लोकांना दिसायला हवी.